हातांची वही

गोनारिओ, हात ठेव असा पानावर.
भविष्य सांगत नाही, मला फक्त माप लागतं.
पत्ताडात भविष्य सांगणारी एकच होती,
ती स्वतःच विहिरीच्या काठावरून घसरली.

पेन्सिल करंगळीकडून निघते,
बोटाबोटांच्या घळीत उतरते, चढते,
अंगठ्याशी रेंगाळते.
अंगठ्याशी सगळेच खोटं बोलतात,
ताणून धरतात, आहे त्याहून थोर दिसावा म्हणून.
मी 'सैल सोड' म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो.
कुणी बघत नसलं की माणूस सुटतो.

या वहीत निम्मं गाव आहे.
हा कुर्रेली सुतार, दोन बोटं करवतीने नेलेली.
ही बुचाची साल सोलणारी मारिअँजेला,
पान पुरलं नाही म्हणून अंगठा पुढच्या पानावर.
मेलेल्यांची पानं फाडत नाही मी.
कागद महाग आहे म्हणून नव्हे.

आणि हे तुझं, एकोणिसाव्या वर्षीचं.
शिंग तुझ्याच कळपातल्या मेंढ्याचं,
चार वर्षं वाळवलं, विस्तवाशी धरून सरळ केलं,
पातं मर्टलच्या पानागत निमुळतं.
दिलं तेव्हा तू मूठ मिटलीस
आणि चाकू दिसेनासा झाला.

आज म्हणतोस, चाकू बदलला.
आण इकडे.
पितळी कडं जागच्या जागी. पाठ सरळ.
धार तर मलाच लाजवते.
चाकू आहे तिथेच आहे, गोनारिओ.
ठेव हात या जुन्या रेषेवर.
बघ, पेरं कुंपणाबाहेर निघाली,
अंगठा मात्र आत वळून बसला.
चाळीस वर्षं पहाटे मेंढ्यांची धार काढलीस,
धार गेली ती त्याची.

शिंगाला जरा भर घाल, म्हणतोस.
भर?
शिंग वाढतं ते मेंढ्याच्या डोक्यावर.
माझ्या हाती आलं की ते फक्त कमी होतं.
जन्मभर एवढंच केलं मी,
नको ते काढत गेलो, मुठीला पटेपर्यंत.
एकदा काढलं की काढलं.

हा खिळा मात्र बघू.
असा आवळून ठोकला होता
की उघडताना पातं दोन घरं पलीकडे ऐकू जाई.
पोरसवदा हात होता तुझा, त्याला झुंज हवी होती.
दोन ठोके, उलट्या बाजूने.
थांब. अजून अर्धा.
आता धर चिमटीत.

आलं ना?
तोंड वाकडं करू नकोस, सैल नाही झाला तो,
तुझ्या बाजूने झाला.

एक नाणं ठेव. फुकट घेतलेला चाकू दोस्ती तोडतो म्हणतात.
दुरुस्तीला हा नियम लागतो की नाही, ठाऊक नाही.
ठेव तरी.

माझा? माझा हा.
बोबोरेसाठी केला होता.
माप दिलं आणि बेल्जियमला गेला, कोळशाच्या खाणीत,
ईस्टरला येतो, नेतो, म्हणाला.
दोन ईस्टर वाट पाहिली.
मग एका दुपारी संत्रं सोलायला
हाताशी दुसरं काही सापडेना.

बोबोरेचा तळवा लांब.
मूठ मला करंगळीखाली चावायची.
घासून टाकली असती, अर्ध्या तासाचं काम,
तेही माझ्यासारख्याला.
पण दारात उभा राहून त्याने आपला चाकू मागितला,
तर काय देणार होतो, भुसा?

लाव बोट इथे, करंगळीच्या मुळाशी.
घट्टा आहे तो.
आता चावत नाही.

ते चीज संपवलंस का सगळं?